डबलडेचं मैदान, फाउलरची गल्ली

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, पण बेसबॉलवाल्यांची ती पंढरी. चोखोबा जिच्या दाराबाहेर राहिले, तशीच पंढरी.

हा मान गावाला कसा मिळाला तेही ऐका. 1907 मध्ये एका समितीने जाहीर केलं की बेसबॉलचा शोध 1839 मध्ये ॲबनर डबलडे यांनी कूपर्सटाउनमध्ये लावला. पुरावा काय, तर एका म्हाताऱ्याचं पत्र. 1839 मध्ये हा म्हातारा पाच वर्षांचा होता! डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे ते सेनाधिकारी झाले, 1893 मध्ये वारले, पण हा खेळ आपण शोधला असा दावा त्यांनी कधी केला नाही. तरीही गावात डबलडे मैदान झालं आणि 1939 मध्ये, खेळाची म्हणे शंभरी म्हणून, तिथे खेळाडूंचं गौरवदालन उघडलं. आपल्याकडे कागद मागतात तेव्हा मला हे पत्र हमखास आठवतं. कुणाची आठवण पुरावा ठरते आणि कुणाचा दाखलाही अपुरा पडतो, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आता याच गावात वाढलेला दुसरा माणूस. बड फाउलर. मूळ नाव जॉन जॅक्सन, जन्म 1858, काळा, न्हाव्याचा मुलगा. स्वतःही वस्तरा चालवायचा, कारण खेळावर पोट भरेल याची खात्री नसायची. 1878 मध्ये त्याने गोलंदाजी करून बोस्टनच्या विजेत्या व्यावसायिक संघाला एका मैत्रीपूर्ण सामन्यात हरवलं आणि त्याच वर्षी पगारी खेळाडू झाला. पगार घेऊन बेसबॉल खेळणारा पहिला काळा माणूस म्हणून इतिहासकार त्याचंच नाव घेतात. पुढे तो दुसऱ्या बेसवर खेळू लागला. तिथे धावत येणारे गोरे खेळाडू मुद्दाम खिळ्यांचे बूट त्याच्या पायावर घालायचे. म्हणून त्याने नडग्यांना लाकडी पट्ट्या बांधल्या, असं त्या काळच्या एका गोऱ्या खेळाडूनेच सांगून ठेवलंय.

1887 साली तो बिंगहॅम्टनच्या संघात होता. शंभरातल्या पस्तीस वेळा त्याची बॅट चालत होती. मेरिट म्हणजे आणखी काय असतं? पण नऊ सहकाऱ्यांनी व्यवस्थापनाला तार केली की हा संघात असेल तर आम्ही खेळणार नाही. काढला कुणाला? फाउलरला. जुलैमध्ये त्या लीगच्या संचालकांनी मतदान करून ठरवलं की यापुढे काळ्या खेळाडूंशी करार नाही. सर्वांत वरच्या लीगने तर असा नियम लिहिलाही नाही. न लिहिताच तो 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत पाळला गेला.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. तेव्हा फाउलर पंधरा वर्षांचा होता. साखळी तुटली होती, पण संघातली जागा कुणी सोडायला तयार नव्हतं.

समितीने डबलडेंच्या नावावर शिक्का मारला तेव्हा फाउलर जिवंत होता. त्याला कुणी विचारलं नाही. 1913 मध्ये तो गरिबीत मेला. त्याच्या थडग्यावर दगड बसायला 1987 उजाडलं, तोही बेसबॉलच्या अभ्यासकांनी बसवला. 2013 मध्ये कूपर्सटाउनने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. हा रस्ता डबलडे मैदानाकडे जातो. मैदान खोट्या कथेचं, गल्ली खऱ्या माणसाची. गौरवदालनात त्याला जागा मिळाली 2022 मध्ये, मरणानंतर 109 वर्षांनी.

लोक म्हणतील, उशिरा का होईना, मान मिळाला ना? मला हा समजूतदारपणा मान्य नाही. मेलेल्याला मान देण्यात कुणाचीच जागा जात नाही, म्हणून तो मिळतो. मी एका विद्यापीठात राखीव पदासाठी मुलाखत दिली. नेट, पीएचडी, छापलेले शोधनिबंध, सगळं होतं. चार मिनिटांत बाहेर. निकाल: ‘नॉट फाउंड सुटेबल’. पद रिकामंच ठेवलं. त्याच इमारतीतल्या सभागृहाला बाबासाहेबांचं नाव आहे आणि एप्रिलमध्ये तिथे हार घालायला तीच मंडळी पुढे असतात. त्यांना तार करावी लागत नाही, हा एक शेरा पुरतो.

नावं हवीतच. फाउलरची गल्ली मला हवी आहे. पण त्याच्या हयातीत रिकामी ठेवायला हवी होती ती दुसऱ्या बेसवरची जागा.

आपल्या घरात पहिल्यांदा पदवी आणणाऱ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात पुढचा फलक लागेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग कार्यालयात जाऊन बिंदुनामावली मागा. दिली नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. त्यात एवढंच विचारा: राखीव पदं किती, भरली किती, आणि ‘नॉट फाउंड सुटेबल’ किती वेळा लिहिलं, कोणकोणत्या वर्षी.