म्हातारपणावर हसायचं कुणी?

'आमच्यात आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवत नाहीत.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, बहुधा म्हटलंही असेल. लग्नघरात, फॅमिली ग्रुपवर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. त्यात अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. पण हे वाक्य उच्चारलं की पुढचं बोलणं तिथंच संपतं, हा माझा आक्षेप आहे.

कंपनीच्या कामानिमित्त जर्मनीत असताना सहकाऱ्यांनी मला 'एविग युंग' नावाच्या संगीत नाटकाला नेलं. नावाचा अर्थ 'सदा तरुण'. एरिक गेडेऑन यांचं हे नाटक तिथल्या अनेक शहरांत झालंय. गाणी बहुतेक इंग्रजी रॉक आणि पॉप, त्यामुळे माझ्या बेताच्या जर्मनवर निभावलं. गोष्ट अशी: काही दशकं उलटलीत, थिएटर बंद पडलंय आणि त्याच रंगमंचावर म्हाताऱ्या नटांचा वृद्धाश्रम झालाय. एक नर्स येते, गोड हसत लहान मुलांशी बोलावं तसं बोलते, गाणी म्हणते, सगळ्यांना शिस्तीत बसवते. ती बाहेर गेली रे गेली, की हे थरथरते म्हातारे उठतात आणि रॉक अँड रोल सुरू!

गंमत इथं संपत नाही. नाटक ज्या गावात होतं तिथले नट त्यात स्वतःच्याच नावानं उभे राहतात. म्हणजे चाळिशीतला नट विग लावून, पाठ वाकवून सांगतो की हा मीच, अजून चाळीस वर्षांनंतरचा. प्रेक्षक हसतात ते कुण्या 'बिचाऱ्या' म्हाताऱ्याला नाही. तो स्वतःला हसतोय, म्हणून आपल्यालाही स्वतःला हसावं लागतं.

आपल्या मराठी रंगभूमीनं म्हातारपण दाखवलं ते बहुतेक रडवून. १९७०चं 'नटसम्राट' घ्या, जयवंत दळवींचं 'संध्याछाया' घ्या. दोन्ही थोर नाटकं, त्यांच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. पण रडण्यात एक सोय असते. आप्पासाहेब बेलवलकरांना घर सोडावं लागतं तेव्हा आपण डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, आपण नाही बाबा असे. पाझरलेल्या डोळ्यांनी घरी येतो आणि अब्बांना सांगतो, 'तुम्ही नका त्यात पडू, आराम करा.'

ती नर्स मला ओळखीची वाटली ती इथं. आपल्याकडे वृद्धाश्रमाची पाटी नाही, पण आतला कारभार पुष्कळदा तोच असतो. कोपऱ्यातला पलंग, ठरल्या वेळच्या गोळ्या, घराच्या व्यवहारातून हळूच काढून घेतलेलं मत. मिरजेला माझी दादी आहे. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. तरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द तोडत ओरडतो, 'दादी, जे-व-लीस का?' पाहुणे गेले की दादी त्या सगळ्यांच्या नकला करते, फार झकास करते. आम्ही पोट धरून हसतो.

सूरह बनी इस्राईलमधली ती आयत आपल्याला लहानपणापासून पाठ असते. म्हाताऱ्या आईवडिलांपुढे 'उफ'सुद्धा करू नका, एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्याच आयतीच्या शेवटी त्यांच्याशी सन्मानानं बोलायलाही सांगितलंय. त्यांना सांभाळा, एवढ्यावर ती थांबत नाही, तर बोलायचं कसं तेही सांगते. लहान मुलाशी बोलावं तसं म्हाताऱ्याशी बोलण्यात प्रेम असेलही, सन्मान मात्र मला दिसत नाही.

आता त्या नर्सच्या बाजूनंही थोडं. तिची ड्यूटी संपते, तिला पगार मिळतो. जर्मनीत १९९५पासून देखभालीचा सक्तीचा विमा आहे. म्हाताऱ्यांना घरीच सांभाळलं तरी त्यातून पैसे मिळतात. आपल्या घरची नर्स म्हणजे सून, नाहीतर न लग्न झालेली मुलगी. तिला ड्यूटीचे तास नाहीत, सुट्टी नाही. आपला अभिमान तिच्या पाठीवर उभा आहे. ती दमून कधी चिडली, तर तिलाच आयत ऐकवली जाते. आणि ऐकवणारा मुलगा बहुतेक वेळा पुण्यात किंवा दुबईत असतो, फोनवर. २००७च्या कायद्यानं म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, त्या कायद्यात महिन्याची कमाल रक्कम दहा हजार रुपये. पण बेडपॅन कोण उचलणार, हे कुठलाच कायदा ठरवत नाही.

तुमच्यातले काही जण कॉलेजात एकांकिका करतात. एक करून पाहा: तुमचाच ग्रुप, तुमचीच नावं, वय पंच्याहत्तर. कुणाचं पासवर्ड विसरणं, कुणाचा मोबाइल नमाजात वाजणं, जुन्या प्रेमाचे वाद, गाणी तुमच्या आजच्या प्लेलिस्टमधली. विनोद आपोआप सुचतील. अडाल ते पात्रं वाटताना. तुम्हा सगळ्यांना उठवून वजूला नेणारं माणूस त्यात कोण असेल, ती कुणाची सून, तिला पगार देताय का, आणि पडदा पडल्यावर ती घरी किती वाजता जाते, हे संहितेत लिहावं लागेल. तालमीला आपापल्या दादीला बोलवा. आमची तयार आहे. पाहुण्यांची नक्कल ती स्वतःच करणार म्हणते, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.