बुटांचं गाव, गंगेचा काठ

बालमित्रांनो, इतिहासात नानासाहेब पेशवे भेटतात ना? त्यांच्या बिठूरजवळच गंगेकाठी कानपूर आहे. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी तिथे लष्करासाठी खोगीर, बूट बनवायचे कारखाने वाढवले. कातडी धुवायला गंगा होतीच! १९४७ साली इंग्रज गेले, धंदा मात्र राहिला. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण कातडी कमावताना वापरलेलं क्रोमियम जाजमऊजवळ नदीत उतरलं, शेतांतही गेलं. कारखाने बंद केले तर माणसं उपाशी, तसेच चालवले तर नदी आजारी! मग सांडपाणी शुद्ध करायचा खर्च कुणी सोसायचा? कारखानदारानं, सरकारनं, की बूट घालणाऱ्या आपण? आईबाबांशी बोला आणि उत्तर वहीत लिहा बरं!