एक तर भगत, नाहीतर ठाणे!

शहापूर तालुक्यातल्या आटगाव स्टेशनापासून आत गेलेल्या पाड्यांवर माणसाचे मन बिघडले की दोनच वाटा उरतात. पहिली भगताकडे. कोंबडा, नारळ, अंगारा सगळे करून झाले की घरातला कोणी जाणता खचून म्हणतो, ‘आता याला ठाण्याला घाला.’ ठाण्याला म्हणजे कुठे, हे शहापूर-मुरबाडात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९०१ सालापासूनचे, १,८५० खाटांचे ते प्रादेशिक मनोरुग्णालय! भगताच्या पडवीपासून त्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत साठेक किलोमीटर अंतर आहे. या साठ किलोमीटरांत सरकारने काय उभे केले, हा आमचा सवाल आहे.

आजार केवढा आणि उपचार केवढा, हा हिशेब शरीराच्या बाबतीत आरोग्य खात्याला तोंडपाठ आहे. तापाला प्राथमिक आरोग्य केंद्र, अडलेल्या बाळंतपणाला उपजिल्हा रुग्णालय, हृदयाच्या शस्त्रक्रियेला मुंबई. मनाचा प्रश्न आला की हीच अक्कल कुठे गहाण पडते? झोप उडालेल्या, रडू आवरत नसलेल्या बाईला ऐकून घेणारे एक शहाणे माणूस आणि गरज पडलीच तर केंद्रातल्या डॉक्टरने दिलेली गोळी, एवढे पुष्कळदा पुरते. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले, तर ते भूत नव्हे. तो जिवावरचा प्रसंग आहे; त्याला त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात खाट हवी. बाळंतीण रात्र रात्र जागते आहे, असंबद्ध बोलते आहे, पोटच्या पोराकडे संशयाने बघते आहे, तर तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ हवा. अमावास्येपर्यंत थांबायला तिच्यापाशी वेळ नाही, आणि तिच्या बाळापाशी तर नाहीच! मोठ्या मनोरुग्णालयात दीर्घकाळ ठेवावे लागते ते अगदी थोड्यांना. पण मधल्या पायऱ्याच नसल्या की ज्याला पहिल्या पायरीवर बरे करता आले असते, तोही शेवटी बांधून नेण्याच्या अवस्थेला पोचतो. मग आपण त्याला ‘फार पुढे गेलेली केस’ म्हणतो. त्याला पुढे ढकलले कोणी?

हे दयेचे मागणे नव्हे, कायद्याचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा संसदेने २०१७ साली केला आणि २९ मे २०१८ रोजी तो लागू झाला. त्याचे कलम १८ सांगते की रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागता कामा नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळाली पाहिजे. कायद्याच्या या ‘जवळ’मध्ये कसारा लोकलचे वेळापत्रक बसते काय? महिन्याच्या गोळ्यांसाठी रुग्णाचा एक रोज आणि सोबत्याचा दुसरा रोज बुडतो, ते बसते काय? दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेले की गोळ्या तुटतात, आजार उलटतो. मग कागदावर शेरा पडतो: ‘रुग्णाने उपचार सोडले.’ शाबास!

कीटकनाशक प्यालेल्या पोराचे पोट धुऊन त्याला घरी धाडतात. ते का प्यायला, हे विचारायला कोणी थांबत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानावे आणि त्याच्यावर उपचार करणे, त्याला सावरणे हे सरकारचे कर्तव्य, असे याच कायद्याचे कलम ११५ बजावते. कलमे वाचायची कोणी?

आणि दुसऱ्या टोकाला काय चालले आहे? मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे राज्याच्या मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ अडकलेल्यांचा हिशेब सरकारला मुंबई उच्च न्यायालयात द्यावा लागला. त्यांतले कित्येक जण घरी जाण्याजोगे होते! पाड्यावरच्या माणसाला आत जायला वाट नाही, आतल्याला बाहेर यायला नाही. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिकांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. त्यानंतरही मंत्रालयाची झोप उडाली नाही. तेवढा एक आजार तिथे नाही.

भगताला झोडपणे सोपे आहे. चाबकाने मारणारा, मिरचीची धुरी देणारा, साखळीने बांधणारा भगत २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो आणि त्याला आत टाकलेच पाहिजे. पण रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच एकटा असतो, हे खात्याने लाजेने मान खाली घालून ऐकावे. सर्पदंशावरचे प्रतिविष आरोग्य केंद्रात ठेवता येते, मग आकडी, भास आणि उदासीनता यांवरच्या स्वस्त गोळ्या बारमाही ठेवायला काय आडवे येते? १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२पासून आहे, चांगलाच आहे. पण दरीतल्या पाड्यावर मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर चढणाऱ्याच्या हातात फोन ठेवून खात्याची सुटका होत नाही. भातसा, तानसा, वैतरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथे टँकर येतो. उपचाराचेही तेच करून ठेवले आहे, फरक एवढाच की उपचाराचा टँकरही येत नाही.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात मनाच्या आजारासाठी राखीव खाटा किती? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतो, आणि तो वार आटगावच्या आशाताईला ठाऊक आहे का? ठाण्याहून सोडलेल्या रुग्णाची चिठ्ठी त्याच्या गावच्या केंद्रात पोचते का? भट्टीवर निघालेल्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा अधिकार तिथल्या डॉक्टरला आहे का? शहापूर तालुका पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे चारही प्रश्न ठरावात घाला, वैद्यकीय अधिकाऱ्याला समोर बसवा आणि त्याची उत्तरे इतिवृत्तात त्याच्या सहीनिशी उतरवून घ्या.