चलनाची माहिती की सरकारची वाहवा?

नोट छापली किंवा नाणे पाडले म्हणजे सरकारचे काम संपले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः ते निम्मेच काम होय. ते चलन खरे कोणते व खोटे कोणते, ते कोठवर चालते, आणि कोणी नाकारल्यास काय करावे, हे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविणे हे उरलेले निम्मे. ज्या नाशिकरोडच्या मुद्रणालयातून १९२८ सालापासून नोटा बाहेर पडत आल्या आहेत, त्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हां नाशिककरांस तरी या प्रश्नाची उपेक्षा करता येणार नाही. या माहितीकरिता लोकांचा पैसा खर्च करावा काय, आणि केल्यास कोणत्या मर्यादेत, याचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पेशवाईच्या अखेरच्या काळात याच प्रांतात चांदवडी व इतर नाना टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असत. प्रत्येकाचा भाव निराळा. आणि एका रुपयाचा दुसरा करावयाचा म्हणजे सराफास बट्टा द्यावा लागे. तो बट्टा जाणत्या सावकारापेक्षा अडाणी कुणब्यास अधिक जाच करी, हे सांगावयास नकोच. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला आणि बट्ट्याचे मूळ कायद्याने तरी तुटले. सामायिक चलनाचा खरा लाभ हाच की, ज्याच्या हाती रुपया तो इतरांच्या बरोबरीचा. पण अज्ञान शिल्लक असेल, तर बट्टा मागील दाराने परत येतो.

दहा रुपयांच्या नाण्याचे उदाहरण ताजे आहे. रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले व २०११ पासून ते नाण्यांवर आले. लागलीच आवई उठली की, चिन्ह नसलेले नाणे खोटे. अमुक रेघांचे खरे, तमुक रेघांचे बनावट. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन्ही प्रकार खरे असल्याचे कळविले. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगितले की, तोवर निघालेले १४ नमुने सारेच चालू आहेत; आणि १४४४० या क्रमांकावर तीच माहिती ऐकण्याची सोयही केली. तरी २०१९ साली तोच खुलासा पुन्हा करणे भाग पडले. अफवेस पंख असतात आणि सरकारी पत्रकास पायही नसतात, असेच म्हणावे लागते. या अवधीत नुकसान कोणाचे झाले? बँकेत खाते असलेल्या घाऊक व्यापाऱ्याचे नव्हे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून नाणे घेणारी भाजीवाली ते पुढे खपवू न शकल्यास तिची मिळकत अडकून पडते. हाच तो नवा बट्टा!

‘वर्तमानपत्रे बातमी देतातच, मग खजिन्याचा पैसा कशास?’ असा आक्षेप काही जण घेतात. तो आम्हांस मान्य नाही. वर्तमानपत्र वाचणारा आधीच निम्मा सावध असतो. माहिती पोहोचवावयाची ती न वाचणाऱ्यास. आणि चलन काढण्याचा मक्ता ज्याने स्वतःकडे राखला आहे, त्यानेच त्या चलनाची ओळख करून देण्याचा खर्च सोसावा, हे न्यायाचे आहे. हा खर्च रिझर्व्ह बँकेने केला तरी तो लोकांचाच. कारण बँकेची शिल्लक अखेर सरकारी खजिन्यात जाते.

असे काम चांगल्या रीतीने कसे होते, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पैसे जाऊन रुपयाचे शंभर भाग झाले. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, परंतु तीन आण्यांचे एकोणीस! असा हिशेब घरोघर समजावून देणे सोपे नव्हते. म्हणून जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये याकरिता ‘नया पैसा’ हे नावच नाण्यावर घातले आणि तो रुपयाचा शंभरावा भाग असल्याचे हिंदीत त्यावर कोरले. नाण्यानेच स्वतःची जाहिरात केली, आणि तीत कोणा मंत्र्याची स्तुती नव्हती. काम झाल्यावर १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळाला.

याच्या उलट २०१६ चा अनुभव. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा बाद झाल्या. नियम वरचेवर बदलत गेले. दोन हजारांच्या नोटेत हेर यंत्र बसविले आहे अशा गप्पा पसरल्या. लोकांस त्या वेळी नेमक्या व स्थिर माहितीची भूक होती. पण डिसेंबर अखेरीस मोठा गाजावाजा झाला तो रोखीवाचून व्यवहार करणाऱ्यांस सोडतीने बक्षिसे देणाऱ्या योजनांचा. त्यांच्या पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३४० कोटी रुपये खर्च अपेक्षिला होता. बिनरोखीचे व्यवहार वाईट असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु ‘हे असे वापरा’ हे सांगणे निराळे आणि ‘हेच बरे’ असे पटविणे निराळे. पहिले राज्यकर्त्याचे कर्तव्य, दुसरे मतप्रचार.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींविषयी हीच रेषा आखून दिली आहे: जाहिरात सरकारच्या कर्तव्याशी संबंधित असावी, मजकूर निःपक्षपाती असावा, कोणा पक्षाचा लाभ साधू नये आणि खर्च वाजवी असावा. युरोपातही हाच विवेक उपयोगी पडतो. १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत युरोच्या नोटा व नाणी हाती आली, तेव्हा निर्णय होऊन चुकला होता. नव्या चलनाची ओळख करून देण्यास सार्वजनिक पैसा लावणे रास्तच होते. परंतु डेन्मार्कने २००० साली व स्वीडनने २००३ साली मतदानाने युरो नाकारला. जेथे कौल व्हावयाचा आहे, तेथे करदात्यांच्या पैशाने एकच बाजू वाजविणे म्हणजे न्यायाधीशाने एका पक्षकाराचे वकीलपत्र घेण्यासारखेच होय.

सारांश, आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, माहिती बदलाच्या आधी यावी; अफवा उठल्यावर नव्हे. दुसरी, ती मराठीत, बाजार समितीच्या फलकावर, एस.टी. स्थानकात व आठवडे बाजारात लागावी. नोटेवर किंमत मराठीत छापता येते, तर तिचा नियम मराठीत लावण्यास अडचण कोणती? तिसरी, प्रत्येक मोहिमेचा खर्च व तिचे फळ लोकांपुढे मांडावे, आणि तीवर कोणाची छबी नसावी.

नाशिकच्या व्यापारीवर्गासही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यास कायदेशीर आहेत. सिंहस्थात देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू गोदातीरी येतात; त्यांच्या कनवटीचे खरे नाणे आपल्या दुकानी खोटे ठरले, तर ती लाज शहराची होय. सरकारने फलक लावावा तेव्हा लावो. प्रत्येक पेढीने आजच आपल्या दाराशी ‘येथे सर्व चालू नाणी घेतली जातात’ अशी पाटी लावावी. तिला खजिन्याचा एक पैसाही लागत नाही, आणि भाजीवालीचा बट्टा तेथेच थांबतो.