वाढ्याने पोट भरते, कास भरत नाही



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेती खात्याची माणसे दिवस उगवल्यापासून रात्रीपर्यंत तुमच्या रानात असतात. तोड कुठे चालू आहे, कुणाची पाळी आली, खोडव्याला पाणी कधी दिले, पाचट पेटवले तर नाही ना, हेच आमचे बोलणे. त्यामुळे ऊस विकास अधिकाऱ्याने गाई-म्हशींच्या दावणीवर लिहावे हे काही मंडळींना वावगे वाटेल. पण लिहिणे भाग आहे. दावणीत आज जे चालले आहे त्यात आमचाही वाटा आहे, आणि तो कबूल केल्याशिवाय पुढचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या फेरीवर असताना आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो. अंगणात तिसऱ्या वेताची संकरित गाय आडवी पडलेली. व्यालेली दुसरा दिवस. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, उठवले तरी उठेना. मागच्या वेताला चौदा लिटर दूध दिलेली गाय. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियमची बाटली सोडली, आणि तासाभरात गाय उभी राहिली तेव्हा घरच्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी गव्हाणीकडे बघून विचारले, "गाभणपणात हिला काय घातलं?" घरच्या आक्का म्हणाल्या, "वाढं. हंगामात दुसरं काय असतंय?" आम्ही मध्येच शहाणपणाने म्हणालो, "आक्का, थोडा घास तरी करायचा." त्यावर त्या म्हणाल्या, "इहिरीजवळ पाच गुंठं घासाचं व्हतं की साहेब. मागल्या साली तुमच्याच माणसानं सांगितलं, एवढा तुकडा कशाला मोकळा ठेवताय, लावून टाका ऊस. आता सांगा, घास कुठनं आणू?"

आम्ही गप्प बसलो. कारण ते खरे होते. गाळपाला ऊस कमी पडू नये म्हणून विहिरीजवळचा, बांधालगतचा, गोठ्यामागचा तुकडा उसाखाली आणा असे आमची माणसे सांगत फिरली, आणि ते त्यांना सांगणारे आम्हीच होतो. एकट्या वाढ्यानेच ती गाय पडली असे कुणी म्हणू नये. जास्त दुधाची गाय व्याल्यावर चांगल्या खाण्यावरसुद्धा कधी कधी पडते. पण वैरणीचा तुकडा गेला आणि गव्हाणीत वाढ्याखेरीज काही उरले नाही, हे आमच्या सल्ल्याने झाले.

आता वाढ्याचा हिशेब मांडू. उसाचा हिशेब आपण किलोवर घेता, तसाच हाही घ्यावा.

चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा अंश लागतो. म्हणजे चाऱ्यातले पाणी सोडून जे उरते ते. तीस किलो हिरवे वाढे घातले तर त्यात कोरडा अंश साधारण आठ किलो. त्यात प्रथिने पाच-सहा टक्के, म्हणजे चारशे ते साडेचारशे ग्रॅम. त्यातली पचतात निम्मीच, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. दुसऱ्या बाजूला दहा लिटर दुधातून रोज सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने निघून जातात, आणि गाईच्या स्वतःच्या शरीराची गरज वेगळीच राहते. जमा सव्वादोनशे आणि खर्च त्याच्या दुपटीहून जास्त, असा हा व्यवहार आहे. मग गाय हाडावरचे मांस झिजवून दूध देते. काही दिवस देते, नंतर दूध मोडते, अंग उतरते, माज लपतो, आणि तीन-तीन वेळा भरवूनही ती उलटते. सभासद म्हणतात, गाईला नजर लागली, नाहीतर डॉक्टरचे बीज वाईट.

दुसरी गोष्ट ऑक्झलेटची. वाढ्यात हा आम्लाचा प्रकार असतो. तो पोटात कॅल्शियमला धरून ठेवतो आणि ते जनावराच्या अंगी लागू देत नाही. एक लिटर दुधात सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. बारा लिटरच्या गाईचे रोज पंधरा ग्रॅम गेले आणि चाऱ्यातलेही अंगी लागेना, तर ते हाडातून ओढले जाते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून घालावी आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, ही शिफारस म्हणूनच आहे.

काही जुने सभासद विचारतात, आमच्या वडिलांची जनावरे वाढ्यावरच नव्हती का? होती. पण ती कोणती होती ते आठवावे. दावणीला खिलार बैल होते, ते गाडी ओढायचे. गाय घरापुरते शेर-दोन शेर दूध द्यायची आणि दिवसभर बांधावर, ओढ्याला चरायची. त्या जनावराला हंगामात वाढे पुरत असे. पुढे 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ संस्था सुरू केली, 1970 साली दूध महापूर योजना आली, गावोगाव कृत्रिम रेतन झाले, आणि शेराची गाय जाऊन दहा-पंधरा लिटरची गाय दारात आली. जनावर बदलले, गव्हाण मात्र बैलाचीच राहिली. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात छावण्यांतून उसावर जनावरे जगली, हे आपण पाहिले आहे. जगली, यात संशय नाही. पण छावणीतून परत आलेल्या किती गाई त्या वर्षी वेळेवर गाभण राहिल्या, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. ऊस आणि वाढे जीव राखतात. दूध पिकवायला आणखी काही लागते.

सर्वांत मोठा तोटा होतो तो कालवडीचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जन्मताना कालवड पंचवीस-तीस किलोची. पहिल्यांदा भरवायला अडीचशे किलोच्या आसपास वजन हवे. रोज चारशे ग्रॅम वाढली तर ते दीड वर्षात होते. आईचे दूध लवकर तोडून वाढ्याच्या ढिगात सोडली आणि रोज दोनशे ग्रॅमच वाढली, तर तेच वजन गाठायला तीन वर्षे लागतात. दीड वर्ष फुकट खाऊ घातले, त्याचा हिशेब कोणी लावतो का? एखादी लागण शेतात तीन वर्षे तुटायची राहिली तर आपण शेती ऑफिसवर मोर्चा आणाल, आणि ते योग्यही होईल.

कालवडीची सुरुवात चिकापासून होते. वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांच्या आत त्याला चीक मिळाला पाहिजे, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच-तीन लिटर. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत सोडावी. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्ये वासराच्या आतड्यातून पहिल्या चोवीस तासांतच रक्तात जातात, तीही जसजसा वेळ जाईल तसतशी कमी. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, संरक्षण देत नाही.

मेंढरांचीही गोष्ट यात येते. माणदेश, फलटण भागातील धनगर बांधवांचे कळप ऊस तुटलेल्या रानात उतरतात, आपण मेंढरं बसवून खत घेतो. अलीकडे अनेक सभासद स्वतःच पाच-दहा मेंढ्या ठेवू लागले आहेत. मेंढी पाच महिन्यांनी विते, आणि पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळी तिला वाळलेल्या वाढ्यावर ठेवले तर कोकरू किडके निपजते, मेंढीला पान्हा नसतो आणि कोकरू चार दिवसांत मरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली. काम मोठे आहे. पण जुळी पोटात असणाऱ्या मेंढीला एकाच्याच खाण्यावर ठेवले तर त्या गुणाचा उपयोग काय? शेवटचे सहा आठवडे आणि व्याल्यावर दूध पाजेपर्यंत मेंढीला रोज पाव किलो भरडा-पेंड द्यावी. बीज कितीही चांगले आणा, त्याला पोसणारे खाणे नसेल तर ते उसाच्या सुधारित बेण्यासारखेच वाया जाते. खत-पाणी न देता सुधारित बेणे लावणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सांगायला नको.

तर मग करायचे काय? वाढे टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. तोडकऱ्यांशी वाढ्यावरून भांडू तर मुळीच नका. त्यांच्या बैलांचा तो चारा आहे आणि चार पैसेही त्यातून त्यांना मिळतात. आपण वाढ्याला त्याच्या जागी ठेवायचे आहे. दहा लिटरच्या गाईला कुट्टी केलेले वाढे पाच-सहा किलो, कडबा दोन-तीन किलो आणि हिरवी वैरण वीस किलो. त्यात चौदा किलो संकरित नेपियर किंवा मका आणि सहा किलो लसूणघास. खुराक शरीरासाठी एक किलो आणि दर अडीच-तीन लिटर दुधाला एक किलो, म्हणजे एकूण चार-पाच किलो. खनिज मिश्रण पन्नास ग्रॅम. विण्याआधी दोन महिने गाय आटवावी आणि भाकड आहे म्हणून तिचा खुराक तोडू नये. पुढच्या वेताचे दूध त्या दोन महिन्यांतच ठरते. बदल एकदम करू नये, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा.

पेंड महाग आहे आणि दुधाचा दर हातात नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच आम्ही घासावर भर देतो. लसूणघास म्हणजे घरच्या रानातली पेंड आहे. चांगल्या मशागतीत नेपियर गुंठ्याला वर्षात दोन टनांवर आणि घास टनाच्या आसपास वैरण देतो. या हिशेबाने एका गाईला पाच गुंठे लागतात, तीन गुंठे नेपियर आणि दोन गुंठे घास. दोन गाईंना दहा गुंठे. दहा गुंठ्यांत एकरी चाळीस टनाने दहा टन ऊस येतो. म्हणजे दोन गाई नीट पोसायच्या तर कारखान्याला दहा टन ऊस कमी येणार.

हे आम्ही ऊस विकास अधिकारी म्हणून लिहीत आहोत, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. वरिष्ठांना ते आवडेल न आवडेल. पण आमचे स्पष्ट मत असे आहे की तो दहा टन ऊस कारखान्याने सोडावा. उसाचे बिल वर्षातून दोन-तीनदा हातात येते, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. पोराची फी, दवाखाना, किराणा त्यावर चालतो. ज्याच्या घरात दहा दिवसांचा पगार आहे तो अडचणीत ऊस मोडून विकायला निघत नाही, खोडव्याला खत घालतो, आणि त्याच्या गोठ्यातले शेणखत परत आपल्याच उसाला जाते. पाच गुंठ्यांत गेलेला ऊस उरलेल्या रानात एकरी चार टन वाढवून भरून काढणे हे आमच्या खात्याचे काम आहे. ते न करता तुमचा घासाचा तुकडा मागणे हा सोपा मार्ग होता. तो चुकला.

आम्ही संचालक मंडळापुढे तीन गोष्टी मांडत आहोत. ऊस नोंदीच्या वेळी वैरणीचा तुकडा उसाखाली घेण्याचा आग्रह कोणत्याही कर्मचाऱ्याने धरू नये. बेणे मळ्यात नेपियरची ठोंबे तयार करून सभासदांना द्यावीत. आणि खनिज मिश्रण खतासारखेच उधारीवर देऊन ऊस बिलातून वसूल करावे. मंजुरी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आपण थांबू नये.

त्या आक्कांच्या विहिरीजवळचा ऊस यंदा तुटला की तिथे खोडवा ठेवायचा नाही असे त्यांच्या घरी ठरले आहे. घासाचे बी आम्ही घेऊन जाणार आहोत. आपल्याही गोठ्यामागे असा तुकडा असेल तर गटातील आमच्या माणसाला सांगावे. तो ऊस लावा म्हणाला, तर हा अंक त्याच्यापुढे धरावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी