काजव्यांचा सिग्नल, आपला नॉईज

'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं सांगितलं गेलं तेव्हा मी जाम टरकले. मी पडले कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलंच नाही, ते संपादकांनी पोटात घालावं. पण एक गोष्ट वर्षभर डोक्यात बसली आहे आणि ती मराठीतच सांगायला हवी, कारण ती मला मराठीतच ऐकवली गेली.

गेल्या मेच्या अखेरीस, परीक्षा संपल्या संपल्या, आमचा अकरा जणांचा ग्रुप भंडारदऱ्याला कॅम्पिंगला गेला. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप. घोटी सोडली की डोंगर अंगावर यायला लागतात. १६४६ मीटरचं कळसूबाई, पलीकडे रतनगड आणि मधे १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं पाणी. खरंच सही जागा आहे, वाद नाही. पाण्याच्या कडेला, कोरड्या पडलेल्या भातखाचरात आमचे तंबू. (भातखाचर हा शब्द मला तिथेच कळला. आधी मी त्याला 'ग्राउंड' म्हणत होते.) पॅकेजमध्ये तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, म्युझिक सिस्टिम आणि शेवटी 'काजवे दर्शन'.

पावसाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत या भागात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे येतात. ज्यांच्या शेतात आम्ही उतरलो होतो ते काका रात्री आम्हाला एका सादड्यापाशी घेऊन गेले. पहिलं अर्धं मिनिट मी काही बोलूच शकले नाही. अख्खं झाड एका तालात लुकलुकत होतं, एकाच क्लॉकवर चालवल्यासारखं. मग कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारला. दुसऱ्याने टॉर्च लावला. तिसऱ्याने, म्हणजे मी, ग्रुप फोटोसाठी जीपवाल्याला हेडलाईट लावायला सांगितले. झाड विझलं. आम्ही पाच मिनिटं थांबलो, 'यंदा फार नाहीयेत वाटतं' म्हणालो आणि परत जाऊन नाचलो.

रात्री दीडला झोप येईना म्हणून बाहेर आले, तर काका बांधावर बसलेले. आमचा गोंधळ संपल्याशिवाय त्यांना झोपता येत नव्हतं, हे मला तेव्हाही लगेच कळलं नाही. मी विचारलं, "काका, काजवे गेले कुठे?"

"कुठं जातील? उजेड पडला की गप होतात."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही पैसे भरून आले. पाहुण्याला काय सांगायचं?"

मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी. सिग्नल-टू-नॉईज रेशोवर मी व्हायव्हात छान बोलले होते. काजव्याचा प्रकाश म्हणजे शोभेची रोषणाई नव्हे, तो निरोप आहे. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्यावर ऑक्सिजनची प्रक्रिया होते आणि जवळजवळ उष्णता नसलेला प्रकाश निघतो. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. बऱ्याच जातींत ती खाली गवतातच असते, जिथे आपण सेल्फीसाठी तुडवत फिरतो. प्रौढ काजव्याच्या हातात जेमतेम काही आठवडे असतात आणि नेमके तेच आठवडे आपण हॅलोजन घेऊन येतो. निरोप पोचला नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे कुठून येणार?

आता काहीजण म्हणतील, बंदीच घाला. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, नियम आहेतच, कडक करा. मला हे पटत नाही, निदान पूर्ण पटत नाही. काकांचा मुलगा भात काढून झाला की नारायणगावकडे मजुरीला जायचा. तंबू आल्यापासून तो घरी राहतो. हे मुंबईत बसून 'इको-सेन्सिटिव्ह' म्हणणाऱ्यांनी विसरू नये. पण 'गावाला पैसे मिळतात ना, मग झालं' हेही मला पटत नाही आणि त्याचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं.

सकाळी मावशी खाचरात वाकून काहीतरी वेचत होत्या. मला वाटलं, सरपण. जवळ गेले तर पाटीत काचा. आमच्याच काही वीरांनी रात्री बाटल्या दगडावर फोडल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "आता पाऊस पडंल. आवणीला चिखलात उघड्या पायानं उतरावं लागतं ना." आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. मी वेचायला बसले. वीस मिनिटांत माझी कंबर गेली, त्या मात्र वेचतच होत्या. नंतर त्यांनीच आम्हाला नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं आणि मला ते गिळवेना.

म्हणून माझं मत असं की चूक पॅकेज विकणाऱ्याइतकीच ते विकत घेणाऱ्याची आहे. आपण 'म्युझिक आहे का' विचारतो म्हणून तो म्युझिक ठेवतो. काका बोलू शकत नाहीत, आपण बोलू शकतो. आपल्या कॉलेजची ट्रेक मंडळी दरवर्षी दऱ्याखोऱ्यांत जातात. त्यांनी जमलं तर एजंट टाळून थेट गावातल्या घरी उतरावं, स्पीकर घरी ठेवावा, टॉर्चवर लाल जिलेटीन लावावं आणि काचेची बाटली सॅकमध्ये असेल त्याला कसाऱ्याहूनच परत पाठवावं. 'मग मजा काय?' असं मला आमच्याच ग्रुपमध्ये विचारलं गेलं. त्याला मी ते पहिलं अर्धं मिनिट आठवायला सांगितलं. त्याला ते आठवत नव्हतं, तो तेव्हा कॅमेरा सेट करत होता.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. काकांचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून परवा गेल्या वर्षीच्या त्याच एजंटला फोन केला आणि विचारलं, रात्री दिवे आणि गाणी बंद ठेवाल का? तो मनापासून हसला. म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, यंदा नवीन डीजे आणलाय."