आधी मुक्काम, मग मुलूख

फराळाची ताटे पुढे आली आणि पहिली चकली मोडली गेली की आमच्या मध्यमवर्गीय घरांतून हमखास एक प्रश्न निघतो, ‘यंदा कुठे?’ पूर्वी त्याची उत्तरे ठरलेली असत. महाबळेश्वर, माथेरान, फारच हात मोकळा असला तर म्हैसूर-उटी. गेली काही वर्षे या यादीत अंदमानने असे काही ठाण मांडले आहे की आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या खुर्च्या तेथे जाऊन आलेल्यांच्या आहेत. आम्ही गेल्या फेब्रुवारीत जाऊन आलो. तेव्हापासून ‘किती दिवस पुरतात हो?’ आणि ‘काय काय बघायचं?’ हे दोन प्रश्न मला भाजीवाल्याच्या गाडीपासून परीक्षेच्या पर्यवेक्षणापर्यंत सर्वत्र गाठतात. तेव्हा उत्तर एकदाचे छापूनच टाकावे हे बरे.

माझे उत्तर जरा उलटे आहे. काय पाहायचे ते मागाहून ठरवावे. आधी रात्री पाठ कोठे टेकायची ते ठरवावे. जमिनीवरच्या प्रवासात एक एस.टी. चुकली तर दुसरी मिळते, दुसरी चुकली तर जीप असते. बेटावर तसे नाही. तेथे तुमचा दिवस बोट ठरवते, आणि बोटीचा दिवस वारा ठरवतो.

अंदमान-निकोबार मिळून लहानमोठी बेटे आणि खडक आठशेंच्या वर भरतात. वस्ती असलेली बेटे मात्र तीसच्या आसपास, आणि तुम्हाआम्हाला मोकळेपणी हिंडता येईल अशी त्याहूनही थोडी. चेन्नई किंवा कोलकाता येथून सुमारे बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडला की पोर्ट ब्लेअर लागते. आगबोटीने गेलात तर तीनेक दिवस, विमानाने दोन-सव्वादोन तास. या पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम झाले. त्याआधी २०१८ मध्ये रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. लोकांच्या तोंडी मात्र जुनी नावेच आहेत. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या जिभेवर दुसरे, असे झाले तर गोंधळू नये. मीही येथे रुळलेलीच नावे वापरते.

बेत आखण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घड्याळ तेथेही भारताचेच आहे, पण सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ऐंशी मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी निघून जातो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी जेवून, जरा लवंडून, चारचा चहा घेऊन मग बाहेर पडणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला असतो.

आमच्या घरात या सहलीवरून तीन पक्ष पडले होते. आमच्या ‘ह्यां’नी एका टूर कंपनीचे पत्रक आणले होते. त्यात सहा दिवसांत चौदा ठिकाणे होती आणि सेल्युलर जेलच्या वाट्याला पाऊण तास आला होता, तोही ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला चिकटून. चिरंजीव नववीत. त्यांना बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी पाहायचा होता. आणि सासूबाईंची मागणी एकच होती.

‘मला त्या कोठडीत थोडा वेळ बसायचं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बाकी तुम्ही न्याल तिथं येईन.’

त्यांचे वय शहात्तर. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा रांगेत उभा. त्यांच्या माहेरी ‘माझी जन्मठेप’ची प्रत देवाच्या पोथ्यांबरोबर ठेवलेली असे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. हा प्रवास त्या पुन्हा करणार नव्हत्या, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यांनाही. पत्रकातला पाऊण तास मला त्यामुळे फार टोचला. मी ते पत्रक बाजूला ठेवले आणि वहीचे एक पान घेऊन त्यावर फक्त सात रात्री लिहिल्या. पहिल्या दोन पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर.

शेवटच्या रात्रीवरून बरीच वादावादी झाली. ‘ह्यां’चे म्हणणे, सकाळच्या बोटीने नीलहून निघावे, दुपारचे विमान गाठावे, एका रात्रीचे भाडे वाचेल. हिशेब बिनचूक होता. फक्त त्यात बंगालचा उपसागर धरलेला नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडून सुमारे चौदाशे प्रवासी हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. दिवाळीच्या सुटीतच जायचे म्हणणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या समुद्रात वादळांचा हंगाम आहे. जानेवारी ते एप्रिल हे दिवस त्या मानाने शांत. तेव्हा विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढायचीच. वाचवायचे असेल तर दुसरीकडे वाचवावे.

पोर्ट ब्लेअरला उतरण्यासाठी दोन तऱ्हा आहेत. गावाबाहेर समुद्राकाठी शांत आणि महाग हॉटेले, आणि गावात अबर्डीन बाजाराच्या आसपासची साधी. बरोबर वडीलधारी माणसे असतील तर मी बाजाराजवळचीच निवडा म्हणेन. जेल तेथून हाकेच्या अंतरावर, औषधाचे दुकान खाली, आणि वरणभाताची सोय कोपऱ्यावर. समुद्र काय, पुढे पाच दिवस पाहायचाच असतो.

जेलला आम्ही सकाळी दार उघडताच गेलो. १८९६ ते १९०६ या काळात ही इमारत उभी राहिली. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली ओळी निघत. आज त्यांपैकी तीन उरल्या आहेत. पडलेल्या ओळींच्या जागेवर आता सरकारी इस्पितळ आहे. कोठडी सुमारे साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, उजेडाला भिंतीत उंचावर एक झरोका. एका ओळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कोणी कोणाला दिसू नये. दाराचा अडसर भिंतीतल्या खोबणीत इतका दूर नेऊन अडकवलेला की आतला हात तेथे पोहोचत नाही. चिरंजीवांनी आत उभे राहून हात घालून पाहिला. ज्वालामुखीचा विषय त्यानंतर बराच वेळ निघाला नाही.

स्वातंत्र्यवीरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. १९११ च्या जुलैत ते येथे आले, १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच येथे पोहोचलेले. जिने उभे आहेत. सासूबाईंनी ते वीस मिनिटांत चढले, मध्ये तीनदा थांबून, आणि आमच्यापैकी कोणाचाही हात न धरता. आत गेल्या, फोटोला नमस्कार केला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मी बाहेर उभी राहिले. एक मोठा घोळका आला, फोटो काढून गेला. दुसरा आला, तोही गेला. सासूबाई हलल्या नाहीत. त्या उठल्या तेव्हा मी घड्याळ पाहिले. पाऊण तास फक्त त्या एका खोलीत गेला होता.

मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावे प्रांतवार कोरली आहेत. आपले बहुतेक लोक तेथून झपाझप निघतात. सासूबाई चश्मा पुसून वाचू लागल्या. बंगालची यादी संपता संपेना. बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त ही नावे मला पुस्तकांतून माहीत होती. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्र हे तिघे येथेच गेले, हे मी त्यांना सांगितले.

‘केवढी मुलं ही!’ त्या म्हणाल्या. ‘आम्हांला यांतलं कोणी सांगितलंच नाही गं.’

मराठीच्या वर्गात मी काय सांगते आणि काय नाही, याचा विचार मला जिना उतरताना करावा लागला.

दुसरा दिवस हलका ठेवला. रॉस बेट पंधरा मिनिटांच्या अंतरावर. एके काळी तेथे ब्रिटिशांची राजधानी होती. आज चर्च, भटारखाना, साहेबांचा क्लब या साऱ्यांना झाडांच्या मुळांनी कवटाळले आहे आणि मधून हरणे हिंडतात. चालवत नसेल त्यांच्यासाठी विजेवर चालणारी छोटी गाडी आहे. चॅथमची १८८३ सालची लाकडाची वखार, म्हणजे सॉ मिल, जरूर पाहावी; १९४२ मध्ये पडलेल्या बॉम्बचा खड्डा तेथे अजून आहे. आणि घरात जुनी तांबडी वीस रुपयांची नोट असेल तर बरोबर न्यावी. तिच्या मागच्या बाजूची नारळाची झाडे आणि दीपगृह म्हणजे माउंट हॅरिएटवरून दिसणारा देखावा. नव्या नोटेवर आपले वेरूळ आले. आमच्या घरात यावर ‘गेलं तिकडून आलं इकडे’ असा निकाल लागला.

आता बाराटांग. शंभरेक किलोमीटर, पहाटे तीन-चारला निघायचे, जिरकाटांगच्या नाक्यावर थांबून गाड्यांच्या तांड्याबरोबर पुढे जायचे, मग बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट. गुडघेदुखीवाल्यांनी विचारही करू नये. पण आम्ही तो बेत सोडला तो गुडघ्यासाठी नव्हे. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तेथे थांबायला, फोटो काढायला, खाऊ द्यायला बंदी आहे. तरीही २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचवल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर संताप झाला. ‘जारवा दिसले का हो?’ असे परतलेल्यांना विचारले जाते ते मी आपल्या कानांनी ऐकले आहे, वाघ दिसला का म्हणून विचारावे त्या सुरात. मी चिरंजीवांना चित्रफितीची ती हकीगत सांगितली आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. ते दोन तास गप्प होते. मग म्हणाले, ‘चिखलच आहे ना तो नुसता? राहू दे.’

हॅवलॉकला वेगवान बोटीने दीड-दोन तास लागतात. सकाळची बोट घ्यावी आणि पोट रिकामेही ठेवू नये, गच्चही भरू नये. या बेटावर तीन रात्री हव्यातच. पश्चिमेला राधानगर, ज्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले, सूर्यास्त तेथे. पूर्वेला विजयनगर आणि काला पत्थर; सूर्योदय तेथे. बहुतेक हॉटेले पूर्वेला आहेत आणि आम्हीही तेथेच उतरलो, कारण बाजार गोविंदनगरला, म्हणजे त्याच अंगाला. ओहोटीला तेथले पाणी पार लांब जाते. पोहायचेच असेल तर राधानगरला जावे आणि जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीतच पाण्यात उतरावे. २०१० मध्ये त्याच बाजूला मगरीने एका परदेशी पाहुणीचा बळी घेतला होता. भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. पाटी वाचावी एवढ्यासाठी सांगते.

नीलला पर्यटक सकाळी येतात आणि संध्याकाळी पळतात. एक रात्र राहावे. तेथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीच्या वेळीच नीट दिसतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खोल जाते, तेव्हा तिकिटे काढण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. आपल्या कोकणातल्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही, शहरातल्यांना लागते.

नीलच्या गावांची नावे मी वहीत उतरून घेतली. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. हॅवलॉकवर राधा, गोविंद, श्याम आणि कृष्ण. एक बेट रामायणाचे, शेजारचे कृष्णाचे. ही वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. ज्यांचे गाव कायमचे सुटले त्यांनी परक्या जंगलात पहिली झाडे तोडून वसवलेल्या वाड्यांना ही नावे दिली. नीलची भाजी आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. आम्ही उतरलो होतो तेथल्या बाईंचे आजोबा त्यांतलेच. सासूबाईंचा चतुर्थीचा उपास होता. बाईंनी रताळी उकडून दिली आणि दोघी ओसरीवर तोडक्यामोडक्या हिंदीत रात्री नऊपर्यंत बोलत बसल्या. सासूबाईंनी त्यांना मनोऱ्यातल्या पाट्यांविषयी सांगितले. ‘तुमचीच मुलं जास्ती आहेत तिथं,’ असे काहीसे त्या सांगत होत्या. बाईंनी उत्तरादाखल रताळ्याची आणखी एक फोड वाढली.

निघताना सामानात शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काही ठेवू नये. किनाऱ्यावरून उचलून नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. चिरंजीवांनी जमवलेले सगळे नीलच्या धक्क्याजवळ वाळूत ओतले आणि मग बोटीत चढले. वारा वाढू लागला होता. आम्ही पोर्ट ब्लेअरला पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बोटी सुटतील की नाही, याची चौकशी करणाऱ्यांची खिडकीपाशी रांग लागली होती. ‘ह्यां’नी ती रांग नीट पाहून घेतली आणि त्या रात्रीचे हॉटेलचे बिल एक शब्दही न बोलता भरले.